ऑइल पेंटचा ब्रश बुडख्यातून मरतो, म्हणून धुवायचा पण तिथूनच

ग्रिलला, दाराला नाहीतर गच्चीच्या लोखंडी जिन्याला स्वतःच ऑइल पेंट द्यायचं ठरलं की सगळे रंग कसा द्यायचा त्याचे व्हिडिओ बघतात, ब्रश कसा धुवायचा ते कोणी बघत नाही. मग संध्याकाळी ब्रश मोरीत नळाखाली धरला जातो आणि रंग काही जात नाही, उलट केसांचा चिकट गोळा होतो, नळाला, बादलीला, हाताला सगळीकडे रंग लागतो आणि ब्रश कचऱ्यात. पाण्याने निघतो तो भिंतीचा डिस्टेंपर नाहीतर प्लास्टिक पेंट. ऑइल पेंटचं गणित वेगळं आहे आणि ते एकदा कळलं की दोन इंची ब्रश धुवायला पंधरा-वीस मिनिटांच्या वर लागत नाहीत.

गणित असं आहे. आपण घरी वापरतो तो ऑइल पेंट म्हणजे सिंथेटिक एनॅमल, तो दोन टप्प्यात सुकतो. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं, मग उरलेलं तेलकट रेझिन हवेतला ऑक्सिजन घेऊन आतल्या आत जोडलं जातं आणि कडक होतं. पहिल्या टप्प्यापर्यंत टर्पेंटाइनने सगळं परत पातळ होतं, दुसरा टप्पा झाला की मग टर्पेंटाइनमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, काही होत नाही. डब्यात रंगावर साय धरते ना, तेच ब्रशच्या आत होतं. आणि ते टोकाला नाही तर वर, जिथे केस पत्र्याच्या पट्टीत घुसतात त्या बुडख्यात आधी होतं, कारण तिथे रंग चढून बसतो आणि आपण तिथे कधी हातच लावत नाही. टोक धुतलेलं मऊ लागतं म्हणून आपण खुश, आणि आत बुडख्यात रंगाचा दगड झालेला. पुढच्या वेळी केस फिस्कारतात, रेघा पडतात, दोष मात्र ब्रशच्या कंपनीला. म्हणून खाली जे काही सांगतोय त्यात सारखं सारखं बुडखा बुडखा येणार आहे, कंटाळू नका.

डबा वाचा, मग धुवायचं सामान आणा

हल्ली पाण्यात मिसळायचे एनॅमल पण येतात, चमक तशीच असते, त्यामुळे नुसतं एनॅमल हे नाव बघून ठरवू नका. डब्यावर पातळ करायला काय वापरायचं ते लिहिलेलं असतं. पाणी लिहिलं असेल तर हा लेख इथेच सोडा, साबण-पाण्याने धुवा. मिनरल टर्पेंटाइन लिहिलं असेल तर पुढे वाचा.

पेंटच्या दुकानात टर्पेंटाइन मागितलं की जे मिळतं ते पेट्रोलियमपासून केलेलं असतं. चीडाच्या डिंकापासून काढलेलं खरं तारपीन तेल वेगळं आणि महाग, ब्रश धुवायला त्याची गरजच नाही. दुकानदार कधीकधी "थिनर देऊ का, लवकर साफ होतं" असं म्हणतो, तो एनसी थिनर असतो, गाड्यांच्या आणि फर्निचरच्या स्प्रेवाल्यांचा. लवकर साफ होतं हे खरं आहे पण तो फार लवकर पेट घेतो, वास डोक्यात जातो, प्लास्टिकचा मग आणि फोमचा रोलर दोन्ही खातो, नायलॉनचे केस वेडेवाकडे करतो. रोजच्या धुण्याला टर्पेंटाइनच. थिनर अगदी हट्टी ब्रशसाठी आणि तोही बाहेर मोकळ्यावर.

रॉकेल चालतं का? चालतं, जुने पेंटर त्यातच धुवायचे. पण आता रॉकेल मिळतंय कुठे, आणि ते हळू उडतं, मागे तेलकटपणा ठेवतं, त्यामुळे साबणाने नीट काढलं नाही तर पुढच्या वेळचा रंग चिकट राहतो. पेट्रोल मात्र अजिबात नाही, गाडीतून काढून थोडंसं घेतो असं पण नाही. थोड्याशा पेट्रोलची वाफ पण घर पेटवायला पुरते.

बाकी सामान घरातलंच. तीन काचेच्या बरण्या किंवा पत्र्याचे रिकामे डबे (थर्माकोलचे आणि पातळ प्लास्टिकचे ग्लास नको, मऊ होऊन खालून गळतात), रद्दी पेपर, जुन्या बनियनची फडकी, तुटका कंगवा, भांड्यांचा साबण. हातमोजे निळे नायट्राइलचे घ्या, डॉक्टर लोकांचे पांढरे लॅटेक्सचे टर्पेंटाइनमध्ये फुगून फाटतात.

खरं धुणं रंग द्यायच्या आधी सुरू होतं

ही पायरी नव्या माणसाला कोणी सांगत नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यात कामाची आहे. कोरडा ब्रश थेट रंगात बुडवायचा नाही. आधी तो टर्पेंटाइनमध्ये पट्टीपर्यंत बुडवायचा, मिनिटभर ठेवायचा, मग पिळून फडक्याने टिपून घ्यायचा. बुडख्यातली जागा टर्पेंटाइनने आधीच ओली झालेली असते, त्यामुळे रंग तिथे घट्ट होऊन चिकटत नाही आणि नंतर सुटून येतो. नीट टिपा मात्र, नाहीतर पहिला हात पातळ होऊन ओघळ येतात.

आणि रंगात बुडवताना केसांची अर्धी लांबीच बुडवायची. नवा माणूस हमखास पट्टीपर्यंत बुडवतो, त्याला वाटतं जास्त रंग घेतला की काम लवकर होईल. काम लवकर होत नाही, रंग दांड्यावरून कोपरापर्यंत येतो.

मध्ये चहाला, जेवायला उठलात तर ब्रश डब्यावर आडवा टाकून जाऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून दांड्याला रबर लावा, दोन-तीन तास आरामात निघतात. दुसऱ्या दिवशी तोच रंग द्यायचा असेल तर धुवायची गरज नाही, पेंटर लोक ब्रश रात्रभर पाण्यात ठेवतात. ऐकायला उलटं वाटतं, पण आत्ताच सांगितलं तसं हा रंग हवेतल्या ऑक्सिजनने कडक होतो, पाण्याखाली हवा नाही त्यामुळे तो सुकत नाही, आणि पाण्यात विरघळत पण नाही. फक्त ब्रश डब्याच्या तळावर उभा नको, केस वाकतात आणि वाकलेले ते वाकलेलेच. दांड्याच्या भोकातून तार घालून डब्याच्या काठावर ती आडवी टेकवा म्हणजे केस अधांतरी राहतात. सकाळी पाणी झटकून, फडक्याने टिपून मगच रंगात घाला, एक थेंब पण राहिला तर रंगात बुडबुडे दिसतात. एक-दोन रात्री ठीक, आठवडाभर ठेवलात तर पट्टी गंजते आणि दांडा फुगतो.

आता धुणं

काम संपल्यावर पहिले अर्धा तास फार महत्त्वाचे. आधी हात धुतो, मग आंघोळ करतो, मग ब्रश बघू, असं केलंत की ऑक्टोबरच्या उन्हात तोपर्यंत बुडखा गेलेला असतो. पावसाळ्यात जरा जास्त वेळ मिळतो, गणपतीच्या आधी कोकणात घराचे दरवाजे रंगवणाऱ्यांना माहीत असेल, रंगच दोन-दोन दिवस ओला राहतो तर ब्रश कुठून सुकणार. पण त्यावर विसंबू नका.

पहिल्यांदा रंग काढायचा, धुवायचा नाही. डब्याच्या काठावर ब्रश दोन्ही बाजूंनी दाबून निथळवा, जेवढा रंग डब्यात परत जाईल तेवढा बरा, पैसे दिलेत त्याचे. मग रद्दीवर मागे-पुढे फिरवा, पेपर बदलत राहा, रेघ फिकट दिसायला लागेपर्यंत. पेपर घडी घालून त्यात ब्रश धरून पट्टीकडून टोकाकडे पिळा. निम्म्याहून जास्त रंग इथेच जातो, टर्पेंटाइनचा एक थेंब न घालवता. लोक ही पायरी टाळतात आणि मग अर्धा लिटर टर्पेंटाइन संपलं म्हणून रडतात.

मग तीन बरण्या. प्रत्येकीत थोडंच टर्पेंटाइन, दोन इंची ब्रशला पन्नास-साठ मिली पुरे, केस बुडतील इतपत. एकदम भरपूर ओतून एकदाच धुण्यापेक्षा थोड्या थोड्यात तीनदा धुतलेलं कधीही चांगलं, कारण दर वेळी आधीचा रंग पातळ होत जातो. पहिल्या बरणीत ब्रश बुडवून बरणीच्या भिंतीला दाबा, फिरवा, तळावर आपटू नका. आता मोजे घातलेल्या बोटांनी केस बुडख्याशी फाकवा आणि टर्पेंटाइन तिथे आत जाऊ द्या, अंगठ्याने पट्टीच्या लगेच खाली दाबत दाबत टोकाकडे ओढा. रंगाची जाड धार येईल. येऊ दे. चारही बाजूंनी करा. मग जुना कंगवा पट्टीकडून टोकाकडे फिरवा, मधल्या केसांत अडकलेले रंगाचे कण त्याने सुटतात. फडक्यात पिळून दुसऱ्या बरणीत, तिथे परत तेच, परत पिळा, मग तिसरी. तिसऱ्या बरणीतलं टर्पेंटाइन जवळजवळ स्वच्छ राहिलं पाहिजे. राहत नसेल तर दुसरी बरणी ताज्या टर्पेंटाइनने भरून परत करा.

झालं की नाही कसं ओळखायचं? पांढऱ्या फडक्यावर ब्रश टेकवू नका, ते टोकाचं सांगतं. बुडख्याशी केस दाबून पिळा आणि बोटावर काय येतं ते बघा. रंग आला तर अजून आहे. लाल ऑक्साईड प्रायमर असेल तर किंचित तांबूस झाक राहणारच, तिच्या मागे लागू नका.

मग झटका. बाहेर, किंवा मोठ्या पिशवीत तोंड धरून, दांडा दोन तळहातांत धरून रवी फिरवल्यासारखा गरागरा फिरवा. शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीकडे आधी बघून घ्या.

शेवटी साबण. ही पायरी बरेच पेंटर करत नाहीत कारण त्यांना उद्या परत तोच ब्रश लागणार असतो, पण घरी आपण ब्रश सहा महिन्यांनी काढणार, तेव्हा करायची. भांड्यांचा साबण तळहातावर घेऊन ब्रश त्यात गोल गोल घासा, फेस बुडख्यापर्यंत न्या, कोमट पाण्याने धुवा, फेस पांढरा येईपर्यंत. कढत पाणी नको, चांगल्या ऑइल पेंटच्या ब्रशचे केस डुकराचे असतात (उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट या ब्रशच्या धंद्यासाठीच ओळखलं जातं), ते गरम पाण्यात आपला ताठपणा सोडतात आणि पट्टीतला गोंद पण सैल होतो. पाणी झटका, कंगव्याने केस सरळ करा, आणि पेपरात गुंडाळा. गुंडाळताना केसांचा मूळ आकार यावा इतकंच घट्ट, सुतळी पट्टीवर बांधायची, केसांवर नाही. आडवा ठेवा किंवा केस खाली करून टांगा. ब्रश उभा करून केस वर ठेवले तर उरलंसुरलं सगळं ओघळून परत बुडख्यात जातं, म्हणजे एवढी मेहनत वाया.

दमट हवेत पट्टी गंजते म्हणून काहीजण केसांना किंचित तेल लावून ठेवतात. लावायचंच तर खोबरेल लावा, ते सुकत नाही. जवसाचं तेल लावू नका, ते रंगासारखंच कडक होतं. आणि पुढच्या वेळी टर्पेंटाइनमध्ये धुवून मगच वापरा.

रोलर, पत्रा, स्प्रे गन

ऑइल पेंटचा चार इंची फोम रोलर धुवू नका, मी तरी धुवत नाही. तो साफ करायला जेवढं टर्पेंटाइन जातं त्यात नवीन येतो, आणि धुतलेला फोम पुढच्या वेळी हमखास तुकडे सोडतो. त्याचं नुसतं कव्हर ओढून काढून टाका, दांडी आणि पिंजरा फडक्याने पुसा, दांडी फिरते तिथे रंग राहिला तर पुढच्या वेळी रोलर फिरत नाही, घसरतो.

लांबी (पुट्टी) भरायचा पत्रा लगेच रद्दीने पुसा, मग टर्पेंटाइनच्या फडक्याने, आणि शेवटी कोरडा करून तेलाचं बोट. ट्रेमध्ये आधीच प्लास्टिक किंवा फॉइल घातलं असेल तर धुवायचं कामच राहत नाही.

स्प्रे गन भाड्याने आणली असेल तर रंग काढून कपमध्ये थोडं टर्पेंटाइन घाला, मोकळ्यावर, तोंडाला ऑरगॅनिक वाफेचा मास्क लावून (कापडी मास्क फक्त धूळ अडवतो, वाफ नाही), जुन्या पत्र्यावर स्वच्छ फवारा येईपर्यंत मारा. मग हवा बंद करून सुई आणि नोझल काढून मऊ ब्रशने साफ करा. नोझलमध्ये खिळा किंवा तार घालू नका, भोक किंचित जरी वाकडं झालं तरी फवारा एका बाजूला जातो. अख्खी गन टर्पेंटाइनमध्ये बुडवून पण ठेवू नका, आतली पॅकिंग जातात.

हात

हातावरचा रंग थिनरने पुसणारे खूप आहेत, लगेच जातो म्हणून. कातडीतलं तेल पण लगेच जातं, मग ती तडकते, खाज सुटते, आणि काही द्रावण कातडीतून आत जातं. त्यापेक्षा खोबरेल किंवा घरातलं कुठलंही खायचं तेल हातावर चोळा, दोन मिनिटं थांबा, फडक्याने पुसा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. नखांत राहिलंच तर राहू दे, दोन दिवसांत जातं. केसांत लागला असेल तरी तेलच. डोळ्यात थेंब गेला तर नळाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं तरी धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा, चोळायचं नाही.

आग आणि गाळ, इथे घाई नको

दिवाळीच्या आधी घरोघर रंगकाम चालू असतं आणि त्याच दिवसांत घरात समया, निरांजनं, उदबत्त्या. टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत सरकत लांब जाते. त्यामुळे "गॅस तर किचनमध्ये आहे, मी हॉलमध्ये धुतोय" हे काही खरं नाही. बाल्कनीत, गच्चीवर, अंगणात धुवा. गॅस गीझर, देवघरातला दिवा, मच्छरची कॉइल, बिडी-सिगारेट सगळं बंद. पेटलंच तर पाणी मारू नका, पेटतं टर्पेंटाइन पाण्यावर तरंगत पसरतं. वाळू, माती, ओलं गोणपाट टाकून झाका, बरणी असेल तर झाकण लावा.

रंगाची फडकी गोळा करून कोपऱ्यात ढीग लावायचा नाही. तेल सुकताना उष्णता सोडतं, ढिगात ती अडकते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. जवसाचं तेल किंवा लाकडाचं ऑइल पॉलिश वापरलं असेल तर धोका सगळ्यात जास्त, एनॅमलला त्यापेक्षा कमी, पण सवय एकच ठेवा. फडकी बाहेर दोरीवर एकेक सुटी वाळत टाका, पूर्ण कडक झाली की मगच कचऱ्यात.

बरण्यांतलं मळकं टर्पेंटाइन मोरीत, बेसिनमध्ये, संडासात ओतू नका. गावाकडे ते सेप्टिक टँकमधून, नाहीतर झाडाच्या बुंध्याशी ओतलं तर मातीतून विहिरीपर्यंत जातं. आणि ते टाकायची गरजच नाही. बरणीला झाकण लावून, वर नाव लिहून, पोरांच्या हाताला न लागेल अशी ठेवा (पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच नाही, दिसायला ते पाणीच दिसतं). काही दिवसांत रंग खाली बसतो आणि वर स्वच्छ टर्पेंटाइन येतं, ते हलक्या हाताने दुसऱ्या बरणीत ओतून घ्या, पुढच्या वेळच्या पहिल्या धुण्याला ते चालतं. खालचा गाळ वाळूत मिसळून बाहेर पूर्ण सुकवा. तो आणि रिकामे डबे वेगळे द्या, घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांत पेंटचे डबे वेगळ्या कचऱ्यात धरलेत, ओल्या-सुक्यात नाही. तुमच्या सोसायटीतला कचरा उचलणारा "टाका हो ताई इथेच" म्हणेल, तरी पिशवी वेगळी बांधून द्या, त्याच्याच हाताला लागायचं असतं ते.

आधीच दगड झालेला ब्रश

टोकच कडक असेल आणि बुडखा मऊ असेल तर वाचतो. थिनरमध्ये फक्त केस बुडतील असा टांगा, दोन-तीन तासांनी पत्र्याने वरचा थर खरवडा, कंगवा फिरवा, परत बुडवा. बुडखा वाजवून बघा, टक्क आवाज आला तर सोडून द्या. पेंट रिमूव्हरने कदाचित निघेल, पण बऱ्याच रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराईड असतं, बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं गेलीत, अमेरिकेत तर 2019 मध्ये घरगुती वापराच्या रिमूव्हरमध्ये त्यावर बंदी आली. एका ब्रशसाठी तो उद्योग नको. जुना कडक रंग काचपेपरने कोरडा घासून पण काढू नका, आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याचा भरवसा नाही आणि ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते.

असा ब्रश गंज झाडायला, बिजागरीतली धूळ काढायला, सायकलच्या चेनला ग्रीस लावायला ठेवा. रंगकामाच्या डब्यात परत टाकू नका, कारण पुढच्या वेळी घाईत हाताला नेमका तोच लागतो.